रुग्णालय वाढणार, रस्ता तेवढाच: वस्तीने तपासणी कशी करावी

नागपुरातल्या धंतोली किंवा रामदासपेठेसारख्या भागात शेजारचे रुग्णालय मजले चढवणार असेल, तर आधी कागद मिळवा. महापालिकेच्या नगररचना विभागाकडे माहिती अधिकारात १० रुपये शुल्क भरून मंजूर नकाशा आणि पार्किंगचा तक्ता मागा. उत्तराची मुदत ३० दिवस. नुसती 'सर्व माहिती द्या' असे लिहिले की अर्ज लोंबकळतो, म्हणून कागदांची नावे लिहा.

मग रस्त्यावरून जाणाऱ्या गाड्यांची मोजणी. सोमवारी ओपीडीच्या वेळेत, सकाळी १० ते १ आणि संध्याकाळी ५ ते ८, दर १५ मिनिटांची वेगळी नोंद ठेवा. दिवाळी, शाळेच्या सुट्ट्या आणि मे महिन्यातले ऊन टाळा, नाहीतर आकडे कमी येतात आणि समोरचा वकील तेच दाखवतो. दुचाकींचे प्रमाण १० टक्क्यांवर असेल (नागपुरात असतेच!), तर सगळ्या गाड्या कारच्या हिशेबात आणण्यासाठी इंडियन रोड्स काँग्रेसच्या गुणकांनुसार दुचाकी ०.७५, कार १ धरा; ऑटोही १० टक्क्यांवर असतील, तर ऑटो २ धरा.

खरी गोम उभ्या गाड्यांत असते. दर अर्ध्या तासाने नंबरप्लेटचे शेवटचे चार आकडे टिपा. सकाळपासून न हललेली गाडी बहुधा कर्मचाऱ्याची, तासाभरात जाणारी रुग्णाची. दोघांवरचे उपाय वेगळे. तळघरही नकाशाशी ताडून बघा. पार्किंगच्या जागी पॅथॉलॉजी किंवा औषधांचे गोदाम असेल, तर हरकतीत तोच पहिला मुद्दा.

हरकत लेखी द्या, आवक शिक्का घ्या. 'विस्तार नको' यापेक्षा 'रुग्ण उतरवायची जागा फाटकाच्या आत हवी' ही मागणी जास्त टिकते.