मलेरियाच्या रॅपिड किटचा नवा लॉट कसा पारखावा

पावसाळ्याआधी सुरगाणा, पेठकडच्या उपकेंद्रांत किट पोचतात, पण त्याआधी ते मे महिन्यात कुठे पडून होते ते विचारा. मालेगावच्या उन्हात बंद गाडीत राहिलेला खोका लेबलवरच्या कमाल तापमानापलीकडे सहज जातो. फ्रीजरमध्येही ठेवू नका.

पाकीट फाडलं की आधी सिलिका जेलची पुडी बघा. रंग बदललेला असेल तर ओल शिरली आहे, ते किट बाद. पाकीट उघडल्यावर लगेच वापरा.

रक्त बहुतेक किटना 5 मायक्रोलिटरच लागतं. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात: थेंब मोठा पडला की पट्टी लाल राहते आणि फिकी रेघ झाकली जाते. बफर (रक्तावर टाकायचं द्रावण) त्याच खोक्यातला, थेंब मोजून. घड्याळ लावा, माहितीपत्रकातल्या वेळेलाच वाचा. तासाभराने उमटलेली रेघ धरू नका. वेळेत दिसलेली फिकी रेघ मात्र पॉझिटिव्हच. 'सी' रेघ (चाचणी नीट चालली हे दाखवणारी कंट्रोल रेघ) नसेल तर चाचणी नव्या किटवर पुन्हा करा.

किटचा निकाल ताडून पाहायला प्रत्येक रुग्णाची स्लाइडही (सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा रक्ताचा नमुना) घ्या. वाचणाऱ्याला किटचा निकाल सांगू नका. स्लाइडवर 20 पॉझिटिव्ह, त्यातले किटने 19 पकडले, तर संवेदनशीलता (खऱ्या पॉझिटिव्हपैकी किटने पकडलेल्यांचं प्रमाण) 95 टक्के. फाल्सिपेरम आणि व्हायव्हॅक्स या मलेरियाच्या दोन जंतूंचा हिशेब वेगळा मांडा. नुकतंच औषध घेतलेले रुग्ण यातून वगळा, कारण किट शोधतं ते फाल्सिपेरमचं एचआरपी-2 प्रथिन जंतू मेल्यावरही काही आठवडे रक्तात राहतं. चुकलेल्या नमुन्यांत जंतूंची संख्याही पाहा: मायक्रोलिटरला 200 च्या खाली किट कच्चे पडतात.