एकच मॉडेल, हव्या त्या सॉल्व्हरला

नफा वाढवणं किंवा खर्च कमी करणं अशा प्रश्नाचं गणिती मॉडेल जीएलपीके या मोफत सॉफ्टवेअरच्या मॅथप्रॉग भाषेत लिहिलंय, पण जीएलपीकेचा सॉल्व्हर (उत्तर शोधणारा भाग) पूर्णांक चलं वाढली की रेंगाळतो. सगळं पुन्हा लिहायची गरज नाही. जीएलपीकेसोबत येणारं ग्लिपसोल हे कमांड-लाइन साधन मॉडेल न सोडवता, फक्त इतर सॉल्व्हरना वाचता येईल अशा फाइलमध्ये भाषांतर करण्यापुरतंही वापरता येतं.

१. टर्मिनलमध्ये ग्लिपसोल लिहून --मॅथ आणि मॉडेलची फाइल द्या. डेटा वेगळ्या फाइलमध्ये असेल तर --डेटा लावून तीही.

२. पुढे --चेक जोडा. हा विसरला की ग्लिपसोल मॉडेल सोडवायलाच बसतं.

३. शेवटी --डब्ल्यूएलपी आणि नव्या फाइलचं नाव. (पर्यायांची नावं अर्थातच रोमन लिपीत टाइप करायची.)

तयार झालेली एलपी फाइल (एलपी ही मॉडेल लिहायची एक रचना) हायज, सीबीसी किंवा स्किप यांपैकी हव्या त्या सॉल्व्हरला द्या. ती साध्या मजकुराची असते, म्हणून आधी एडिटरमध्ये उघडून एखादी मर्यादा वाचून बघावी. चुकीचा गुणक तिथेच दिसतो. चलांच्या नावातले चौकोनी कंस मात्र गोल झालेले असतील, उत्तरं जुळवताना ते लक्षात ठेवा.

--डब्ल्यूएलपीऐवजी --डब्ल्यूएमपीएस दिलं तर एमपीएस या दुसऱ्या रचनेतली फाइलही मिळते, पण जपून: मूळ एमपीएस रचनेत कमाल की किमान हे सांगायला जागाच नाही आणि बरेच सॉल्व्हर किमान धरून चालतात. नफा वाढवायचा असेल तर दिशा सॉल्व्हरला वेगळी सांगा, नाहीतर सरळ एलपीच वापरा.