डिटेक्टर घेण्याआधी कॉइलचा विचार

माझी पहिली चूक १५ इंची होती. मेटल डिटेक्टर घेऊन आठवडा झाला नव्हता, तोच मी त्याला ही भलीमोठी कॉइल, म्हणजे दांड्याच्या टोकाची जमिनीवरून फिरवायची थाळी, लावली. थाळी मोठी म्हणजे खोलवरचं सापडणार, एवढाच हिशेब. एका जुन्या मैदानावर दिवसभर फिरलो आणि मिळाली बाटल्यांची झाकणं. वर खांदा असा धरला, की रात्री कूस बदलता येईना. पुढे त्याच कोपऱ्यात ६ इंची कॉइल फिरवली, तर गंजक्या खिळ्यापासून चार बोटांवर चांदीचं नाणं वाजलं. मोठ्या कॉइलखाली खिळा आणि नाणं एकदमच येतात, आणि लोखंडाच्या गोंगाटात नाणं झाकलं जातं.

म्हणून आधी जमीन बघा. कचरा फार असेल तिथे ५-६ इंची कॉइल. मोकळं, स्वच्छ शेत असेल तर मोठी चालेल. बऱ्याच यंत्रांबरोबर ११ इंचांच्या आसपासची डीडी कॉइल येते, म्हणजे आत इंग्रजी D च्या आकाराची तारेची दोन वेटोळी असलेली. पहिले काही महिने तीच वापरा. नाण्याएवढी वस्तू ढोबळमानाने कॉइलच्या व्यासाइतक्या खोलीवर कळते, तेही माती चांगली असेल तर. व्यास दुप्पट केला म्हणून खोली दुप्पट होत नाही, हे मला पैसे घालवून कळलं. कॉन्सेंट्रिक कॉइल, म्हणजे एकात एक गोल वेटोळी असलेली, नेमकी जागा छान दाखवते, पण लोहयुक्त मातीत गडबडते. तिथे डीडीच बरी.

यंत्राचं म्हणाल तर त्याची फ्रिक्वेन्सी, म्हणजे ते सेकंदाला किती लहरी सोडतं ते, बघा: ५ ते ८ किलोहर्ट्झ चांदी-तांब्याच्या मोठ्या नाण्यांना मानवतं, १५ च्या पुढे बारीक सोनं कळतं. समुद्राच्या ओल्या वाळूत एकाच फ्रिक्वेन्सीचं यंत्र उगाच किंचाळत राहतं; तिथे एकदम अनेक फ्रिक्वेन्सींवर चालणारं मल्टिफ्रिक्वेन्सी हवं, नाहीतर जमिनीत विजेचे छोटे झटके सोडून शोधणारं पल्स इंडक्शन. पल्सवालं खोल जातं, पण लोखंड कुठलं आणि सोनं कुठलं ते नीट सांगत नाही, तेव्हा खिळे उकरायची तयारी ठेवा.

सापडलेली वस्तू कशाची असेल ते सुचवणाऱ्या पडद्यावरच्या आकड्याला भुलू नका. सोन्याची अंगठी आणि शीतपेयाच्या डब्याची कडी बऱ्याचदा एकाच आकड्यावर येतात. कड्यांना कंटाळून त्या आकड्याचा आवाज बंद केलात, की अंगठ्याही गेल्या.

दुसऱ्या कॉइलचे पैसे आधी पिनपॉइंटरवर घाला, म्हणजे खड्ड्यात वस्तू नेमकी कुठे आहे ते दाखवणाऱ्या हातातल्या कांडीवर. कॉइल घ्यालच, तेव्हा ती तुमच्या मॉडेलसाठीच बनलेली आहे ना, ते तपासा. नुसता जोड बसून भागत नाही. आणि वायर दांड्याला घट्ट गुंडाळा. माझी कॉइलजवळ सैल लोंबत होती, प्रत्येक झोक्याला खोटा आवाज यायचा, आणि मी तीन दिवस यंत्रालाच शिव्या देत होतो. वायर आवळूनही आवाज थांबला नाही, तर कॉइलचं प्लास्टिकचं कव्हर काढून झटका. आत काळी वाळू साचलेली असते.