माळा उतरवण्याआधी

मागच्या वर्षी आमचं मुलुंडचं वन बीएचके मी एका रविवारात आवरून दाखवलं. सहा माणसांचं घर. सासूबाईंनी शेजारच्या काकूंना हात धरून आणून रिकामा माळा दाखवला. ते कौतुक आठ महिने टिकलं. यंदा पुन्हा माळा उतरवायचाय, म्हणून आधी तयारी लिहून काढतेय.

दिवस रविवारच ठरवा. मेगाब्लॉकचा मिळाला तर सोन्याहून पिवळं, घरातलं कुणी सटकत नाही आणि पाहुणेही टपकत नाहीत. पावसाळ्याच्या आधी करा, कारण जून लागला की माळ्यावरच्या गाद्यांना कुबट वास येतो आणि वाळत घालायला ऊन नसतं. दिवाळीच्या तोंडावर नको, तेव्हा सगळी बिल्डिंग रद्दीवाल्याच्या मागे असते. झाडू, फडकी, तोंडाला रुमाल हे काय सांगायचं. शिडी मात्र वॉचमनकडून आदल्या रात्रीच आणून ठेवा. प्लॅस्टिकच्या स्टुलावर चढून माळ्याकडे हात लांबवणाऱ्याला वेळीच खाली उतरवा, मग तो कितीही मोठा असो.

आता मुख्य गोष्ट. आत बघा. घराबाहेर जाणाऱ्या प्रत्येक वस्तूच्या आत बघा.

मागच्या वेळी दिवाळी अंकांचे दोन गठ्ठे होते, त्यातला एक मी दिला. रद्दीचे १८० रुपये आले. आठ महिन्यांनी रीडेव्हलपमेंटची मीटिंग लागली आणि सोसायटीने शेअर सर्टिफिकेटच्या, म्हणजे सोसायटीचे सभासद असल्याच्या दाखल्याच्या, प्रती मागितल्या. अण्णा, म्हणजे माझे सासरे, शांतपणे म्हणाले, "अगं, अंकात ठेवलंय." कुठल्या अंकात? "जाडजूड होता तो." तोवर त्या जाडजूड अंकाचा लगदा होऊन पुठ्ठ्याचं खोकं झालं असणार, आणि आम्हीच ऑनलाइन मागवलेला मिक्सर घेऊन ते आमच्या दारात येऊनही गेलं असणार. पुढे पोलिसांत हरवल्याची नोंद, पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर हमीपत्र, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस, कमिटीचा ठराव. ऑफिसच्या चार सुट्ट्या गेल्या.

आणि हो, मी विचारलं होतं. "अण्णा, अंक देऊ का?" "दे की, कोण वाचतंय आता." ज्याची वस्तू त्याला विचारा हे सगळेच सांगतात. पण आपण त्यात काय ठेवलंय हे त्या माणसालाच आठवत नसतं. विचारून झालं तरी आत बघा.

यंदा म्हणून एक जण वरून देणार, एक जण हॉलमध्ये चादरीवर मांडणार, आणि चादरीवर टेकल्याशिवाय एकही वस्तू दाराकडे जाणार नाही. रद्दीवाल्याला त्याच दिवशी बोलावू नका. तो खांद्यावर तराजू घेऊन दारात उभा असला की आपला हात सैल सुटतो. पुढच्या रविवारी येऊ दे. तोवर गठ्ठे पॅसेजमध्ये ठेवू नका, जिन्याची वाट अडते आणि सेक्रेटरी बोलतात, ते बरोबरच आहे.

आत म्हणजे कुठे? अंक आणि पुस्तकं पुठ्ठ्याला धरून उलटी झटका, मग पानं चाळा, कारण चिकटलेला कागद झटकून पडत नाही. ट्रंकेच्या तळाशी अंथरलेला पेपर उचला. फोटोफ्रेमच्या मागचा पुठ्ठा, देव्हाऱ्याखालचा खण, जुन्या पर्सचे चेनवाले कप्पे, गोदरेजच्या कपाटाचा चोरकप्पा. सासूबाईंच्या नऊवारीच्या घडीत २०१६ साली बाद झालेल्या पाचशेच्या सात नोटा निघाल्या. कुणापासून लपवल्या होत्या विचारलं तर हसल्या. दोन हजाराची नोट निघाली तर निराश होऊ नका, ती रिझर्व्ह बँकेत जमा करता येते.

कपडे. बोहारणीला देण्याआधी खिसे बघा. जरीच्या जुन्या साड्या तिला मुळीच देऊ नका. जुन्या जरीत खरी चांदी असायची, आणि बदल्यात येतं स्टीलचं एक पातेलं, जे ठेवायला जागा नाही म्हणून तर आपण हा सगळा घाट घातलाय! पितळ मोडीत घालायचं तर वजन आधी घरी करा.

स्वयंपाकघर. झाकण नसलेले डबे बाहेर, डबा नसलेली झाकणं बाहेर. श्रीखंडाचे डबे सहाच ठेवायचे, यावर भांडण होणार, होऊ द्या. मसाल्याच्या बरण्या रिकाम्या दिसल्या तरी आत बघा. हिंगाच्या डबीत आमच्याकडे लॉकरची किल्ली सापडली आहे.

मुलांच्या वह्या, जुने मोबाइल: सिम आणि कार्ड काढा. औषधांवरच्या तारखा बघा. बाथरूमचं मी काही लिहीत नाही.

आवरलेलं टिकवायला प्रत्येकाला एक खण. त्याच्या बाहेर सांडलं की ज्याचं त्याने उचलायचं. चाव्यांना दारामागे खिळा. घराच्या कागदांना एकच फाइल, लाल, आणि ती कुठे आहे हे सहाही जणांना माहीत हवं. अण्णांना दोनदा सांगा.

रद्दीवाला रविवारी येतोय. दिवाळी अंकांचा दुसरा गठ्ठा माझ्यासमोर आहे, एकेक पान चाळत १९९४ पर्यंत आलेय. आतापर्यंत एक लग्नपत्रिका, विजेची दोन बिलं आणि पिंपळाचं एक जाळीदार पान.