इरल्यातली म्हातारी भिंतीवर कशी काढावी

बेळगावच्या वडगावातून येळ्ळूरला जाताना एका कंपाउंडच्या भिंतीवर इरलं, म्हणजे पावसात शेतात घ्यायचं बांबूच्या कामट्यांचं आणि पानांचं पांघरूण, घेतलेली पाठमोरी म्हातारी दिसते. खाली चिखलाचे दोन पाय, बस्स. शहरात अशा आणखी दहा-बारा आहेत. त्या मी काढतो. आता गुडघे बोलायला लागलेत, तेव्हा कुणीतरी शिकून घ्या.

आधी आकार. जे जागोजाग दिसायला हवं ते डोळे मिटून काढता आलं पाहिजे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैनिक जातील तिथं किलरॉय काढायचे: भिंतीवरून नाक लोंबवून डोकावणारा टकल्या. एक आडवी रेघ, डोकं, नाक, बोटं. खडूचा तुकडा असला की झालं. म्हातारीचंही तसंच. इरल्याची एक कमान, डोक्याकडं अरुंद, पाठीवर रुंद, रोप लावायला वाकल्यासारखी जरा पुढं झुकलेली. आत कामट्यांच्या चार तिरप्या रेघा. उंची दोन फूट, जास्त नको. तोंड काढू नका. मी पहिल्यांदा काढलं होतं, तर गल्लीतल्या दोघींना त्यात आपापली सासू दिसली.

आणि अक्षर एकही नको. मी जन्मभर बोर्ड रंगवले. इथं कन्नड वर की मराठी वर, कुठलं किती इंच, यावरून ओला बोर्ड पुसायची वेळ माझ्यावर आलेली आहे. २०१४ साली बेळगावचं बेळगावी झालं, तेव्हा इंग्रजी नावं पुसून नवी लिहिण्यात महिना गेला. मग फ्लेक्सनं सगळंच पुसलं. म्हातारीला मात्र अजून कुणी भाषा विचारलेली नाही.

भिंत मागूनच घ्यायची. सरकारी भिंत, पुलाचे खांब, देऊळ, ट्रान्सफॉर्मर यांना हात लावू नका. सार्वजनिक जागा विद्रूप करण्याविरुद्ध कर्नाटकात १९८१ पासून कायदा आहे. घरमालकाला सकाळी नाही, चारच्या चहाला गाठा.
"अक्का, एक म्हातारी काढू काय भिंतीवर?"
"काढा की. पण आमच्याकडं पाठ करून का उभी?"
"शेतात निघालीय."
"आमचं तर विकलं."
असं म्हणून त्या आत गेल्या आणि भिंत धुवायला बादली घेऊन आल्या.

काम दिवाळीनंतर. भाद्रपदात ओल असते; मी एकदा घाईनं ऑइलपेंट मारला आणि दिवाळीपर्यंत म्हातारीच्या पाठीला फोड आले. नवा गिलावा असेल तर महिनाभर थांबा. जुन्या भिंतीवर तळहात घासा. हाताला चुना लागला तर पत्र्यानं खरवडा. हिरवं शेवाळ असेल तर ब्लीचिंग पावडरच्या पाण्यानं धुऊन दोन दिवस वाळू द्या. उघड्या जांभ्यावर काढू नका, तो दगड रंग पितो आणि भोकांत रेघ तुटते. आधी प्राइमर, मग बाहेरच्या भिंतीचा इमल्शन. पहिला हात पातळ, चार तासांनी दुसरा घट्ट. इरल्याला तपकिरी, पायांना काव. डिस्टेंपर स्वस्त पडतो, पण पहिल्या वळवात म्हातारी गटारात.

आता मुख्य गोष्ट: पाय कुठल्या दिशेला. नेहमी शिवाराकडं. माझी पहिली म्हातारी शहापुरात होती, समोर बासमतीची खाचरं. तिथं प्लॉट पडले. २०१६ साली बेळगाव स्मार्ट सिटीच्या पहिल्या २० शहरांत आलं, मग रस्ते रुंद झाले आणि दुसरी भिंत गेली. हलगा-मच्छे बायपासच्या कामात शिवारच कापलं गेलं. भिंत पडली की तिच्या पायांच्या दिशेनं चालत जायचं आणि भात दिसायच्या अगोदरची शेवटची भिंत मागायची. मला दरवेळी जास्त चालावं लागतंय, म्हणूनच गुडघ्यांचं सांगितलं.

रस्त्याचं डांबरीकरण झालं की भराव चढतो आणि तिचे पाय बुडतात. गेल्या वर्षी एका पोरानं नवीन पाय वर काढून दिले; मी ते पुसले. बुडू द्यात. रोप लावणारी बाई गुडघाभर चिखलात अशीच दिसते.