स्टोरेज हीटर: उद्याची ऊब आज रात्री

ब्रिटनमध्ये गॅसजोडणी नसलेला फ्लॅट भाड्याने घेतलात, तर भिंतीला टेकून उभा असलेला एक जाडजूड पांढरा पेटारा दिसण्याची शक्यता बरीच आहे. हा स्टोरेज हीटर. आत विटांची थप्पी असते, त्यामुळे दोघांनी ढकलूनही हलत नाही. रात्रीच्या स्वस्त विजेवर त्या विटा तापवायच्या आणि दिवसभर ती ऊब पुरवून वापरायची. सगळं विरजणासारखं: उद्या दही हवं तर आज रात्री लावायला हवं.

पहिल्या हिवाळ्यात मला हे कोणी सांगितलं नव्हतं. सकाळी दोन्ही बटणं शेवटच्या आकड्यावर फिरवून कामाला जायचो. रिकाम्या खोल्या दिवसभर मस्त उबदार आणि संध्याकाळी सहाला घरी यावं तर विटा कोमट. मग प्लगवाला हीटर लावायचो, तोही दिवसाच्या महाग दराने. पहिलं बिल आलं त्या दिवशी बटणांवरचे शब्द नीट वाचले.

सुरुवात मीटरपासून करा. रात्री सात तास स्वस्त वीज देणारी 'इकॉनॉमी ७' ही योजना १९७८ पासून आहे. ते सात तास नेमके कोणते, हे भागानुसार आणि मीटरनुसार बदलतं. शेजाऱ्याच्या वेळेवर विसंबू नका. वीजकंपनीला विचारा, आणि स्वतःही तपासा. झोपण्यापूर्वी आणि उठल्यावर मीटरचे दोन्ही आकडे (एक दिवसाच्या दराचा, एक रात्रीच्या) लिहून ठेवा. रात्रीतून जास्त वाढलेला आकडा स्वस्त दराचा असायला हवा. बिलावर उलटं दिसत असेल तर लगेच कळवा. आणखी एक गोम: मार्चअखेर घड्याळं तासभर पुढे जातात, पण बऱ्याच जुन्या मीटरांना त्याचा पत्ता नसतो. साडेबाराला सुरू होणारी स्वस्त वीज मग उन्हाळी वेळेनुसार दीडला सुरू होते.

आता बटणं. साध्या हीटरला वर झाकणाखाली दोन असतात. इनपुट म्हणजे आज रात्री विटांमध्ये किती ऊब भरायची. आउटपुट (काहींवर 'बूस्ट' लिहिलेलं असतं) म्हणजे ती किती वेगाने बाहेर सोडायची. हे बटण आतली एक झडप उघडतं, बस. पैसे इनपुटवर ठरतात. मोठा, ३.४ किलोवॅटचा हीटर सातही तास चालला तर जवळजवळ २४ युनिट खातो. म्हणून रात्री उद्याचं हवामान बघायची सवय लावा. उद्या कडाक्याची थंडी असेल तर इनपुट वर, दिवस सौम्य असेल तर खाली. नव्या घरी मधल्या आकड्यापासून सुरुवात करा आणि दोन-तीन दिवसांनी एकेक आकडा हलवून बघा. झोपताना विटांमध्ये बरीच ऊब शिल्लक राहत असेल, तर तुम्ही जास्त भरताय.

आउटपुटचा नियम माझ्या मते यापेक्षा महत्त्वाचा, आणि बहुतेकांची चूक इथेच होते. झोपताना ते अगदी शून्यावर आणा, नाहीतर एकीकडे विटा तापतायत आणि दुसरीकडे झडपेतून ऊब निसटतेय, असं होतं. सकाळीही कमीच ठेवा. झडप बंद असली तरी पेटाऱ्याच्या अंगातून थोडी ऊब येतच राहते, आणि दिवसा घर रिकामं असेल तर तेवढी पुरते. संध्याकाळी घरी आल्यावर झडप उघडा. वरच्या जाळीवर हात धरलात तर गरम वाऱ्याचा झोत लगेच जाणवतो.

भिंतीवर हीटरसाठी कधी दोन स्विच असतात. एक रात्रीच्या वायरिंगचा, तो हिवाळाभर चालू. दुसरा पंख्याचा किंवा जोडून दिलेल्या तात्काळ हीटरचा. तो दिवसाच्या दराने चालतो, तेव्हा जपून.

हीटरवर ओले कपडे वाळत घालू नका. मोह होतो, पण आग लागू शकते.

गरम पाण्याची टाकी असेल तर तिचा हीटरही टायमरवर रात्रीच्याच तासांत लावा, आणि टाकीला ऊब टिकवणारं जाड जॅकेट आहे का ते बघा. कपडे वाळवायचं यंत्र मात्र सगळे झोपलेले असताना चालवू नका. स्वस्त दर असला तरी नको.

या योजनेत दिवसाचा दर साध्या एकदरी योजनेपेक्षा चढा असतो. साधारण ठोकताळा असा, की एकूण विजेतली ४० टक्के तरी रात्री वापरली जात असेल तरच हे परवडतं. दिवसभर घरून काम आणि स्वयंपाक विजेवर असेल, तर वर्षाचे दोन्ही आकडे घेऊन एकदा हिशेब मांडाच.

एप्रिल-मेमध्ये गरज संपली की भिंतीवरचे स्विच बंद करा. ऑक्टोबरात मात्र थंडी अंगावर येईपर्यंत थांबू नका. आज चालू केलेला हीटर आज संध्याकाळी थंडच असणार.