कुसळं घरीच काढा : अंटार्क्टिकाच्या जहाजसफरीत या चुका टाळा

दक्षिण अमेरिका आणि अंटार्क्टिका यांच्यामधल्या ड्रेक पॅसेज या समुद्रातला दुसरा दिवस. जहाजावरच्या हॉलमध्ये व्हॅक्युम क्लीनर, ब्रश आणि चिमटे मांडून ठेवले होते. प्रत्येकानं किनाऱ्यावर घालायचे कपडे आणि पाठीवरची सॅक घेऊन यायचं, खिसे उलटे करायचे आणि सगळं गाइडला दाखवायचं. माझी सॅक घरून धुऊन आणलेली होती. तरी त्या गाइड मुलीनं खांद्याच्या पट्ट्याची शिवण बोटांनी फाकवली, आत चिमटा घातला आणि एक कुसळ बाहेर काढलं. मग दुसरं. एकूण सात निघाली. दिवाळीनंतर राजगडावर नेली होती तीच ही सॅक. एका कुसळाचा पीळ पडलेला काळा तुरा अजून शाबूत होता. तिनं सातही एका पाकिटात बंद केली आणि माझ्या हातात चिमटा दिला. पुढचा अर्धा तास मी एकेक शिवण तपासत बसले.

एवढं का करायचं? अंटार्क्टिकात मूळच्या फुलझाडांच्या जाती दोनच आहेत. किंग जॉर्ज बेटावर पोलंडच्या आर्क्टोव्स्की तळाजवळ 'पोआ अ‍ॅनुआ' नावाचं परकं गवत माणसांबरोबर आलं आणि १९८० च्या दशकापासून तिथे रुजून बसलं. ते उपटून काढायला शास्त्रज्ञांना वर्षानुवर्षं खपावं लागलं. म्हणून सह्याद्रीत वापरलेली सॅक, गेटर्स (बुटांवर चढवायची पायांची आवरणं), काठ्या, कॅमेऱ्याची बॅग न्यायची असेल तर घरीच उजेडात बसून सुई-चिमट्यानं साफ करा. वेल्क्रो सगळ्यात वाईट. त्यात अडकलेलं धुण्यानं निघत नाही. मोज्यांची जोडी मात्र नवीच घ्या, त्यातली कुसळं कोणालाच पूर्ण काढता येत नाहीत.

या सफरीतल्या बहुतेक चुका अशाच असतात. त्या आपण घरी, निघण्याच्या कितीतरी आधी करतो आणि कळतात जहाजावर गेल्यावर. मी दादा आणि वहिनींबरोबर गेले होते. आमच्याकडून झालेल्या आणि बरोबरच्यांच्या पाहिलेल्या चुका इथे लिहितेय.

जहाज आणि महिना

'अंटार्क्टिका क्रूझ' एवढंच वाचून पैसे भरू नका. तिथल्या पर्यटन कंपन्यांची 'आयाटो' ही संघटना १९९१ पासून आहे आणि तिचे नियम स्पष्ट आहेत. ५०० पेक्षा जास्त प्रवासी असलेलं जहाज कोणालाही किनाऱ्यावर उतरवत नाही, आणि एका ठिकाणी एका वेळी जास्तीत जास्त १०० प्रवासी उतरू शकतात. म्हणजे मोठं, स्वस्त जहाज घेतलंत तर बर्फ डेकवरूनच पाहायचा. दोनशे जणांचं जहाज असेल तर अर्धे किनाऱ्यावर आणि अर्धे झोडियाक या रबरी बोटीतून फिरणार, मग अदलाबदल. बुकिंगच्या आधी दोन प्रश्न विचारा: प्रवासी किती, आणि उतरवणार का?

दिवस मोजतानाही गफलत होते. अर्जेंटिनातल्या उश्वायाहून निघणाऱ्या दहा-अकरा दिवसांच्या सफरीत ड्रेक पॅसेज ओलांडायला जाताना सुमारे दोन दिवस जातात, येताना तेवढेच. प्रत्यक्ष अंटार्क्टिका चार-पाच दिवस.

नोव्हेंबरात बर्फ कोरा असतो आणि पेंग्विन दगड गोळा करून घरटी मांडत असतात. पिल्लं पाहायची तर डिसेंबरअखेर ते जानेवारी. देवमाशांसाठी फेब्रुवारी-मार्च, पण तेव्हा वसाहतींत चिखल आणि विष्ठा भरपूर. पिल्लं पाहायला म्हणून नोव्हेंबरात आलेलं एक कुटुंब आम्हाला उश्वायात भेटलं होतं. त्यांना हे कोणी सांगितलंच नव्हतं.

आणखी एक गैरसमज आपल्या लोकांत हमखास असतो: 'मैत्री' बघायला मिळेल. नाही मिळणार. 'मैत्री' (१९८९) आणि 'भारती' (२०१२) ही आपली दोन्ही संशोधन केंद्रं पूर्व अंटार्क्टिकात, पर्यटक जातात त्या द्वीपकल्पापासून हजारो किलोमीटरवर आहेत. आपल्या मोहिमांचं नियोजन गोव्यात वास्कोच्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्रातून होतं आणि त्या जातात केपटाऊनमार्गे. त्या वाटेचा आणि या वाटेचा संबंध नाही.

कागदपत्रं: इथे हयगय नको

जहाज उश्वायाहून सुटतं तेव्हा तुम्ही अर्जेंटिना सोडता आणि परत आल्यावर पुन्हा आत शिरता. म्हणून व्हिसा एकाहून जास्त वेळा प्रवेशाचा आहे ना, हे पाहून घ्या. अर्जेंटिनाचं वाणिज्य दूतावास मुंबईत आहे. नियम बदलत राहतात, तेव्हा एजंटवर न सोडता दूतावासाचं ताजं पत्रक स्वतः वाचा.

आणि पीतज्वराची लस. अंटार्क्टिकात डासच नाहीत, मग लस कशाला, असं वहिनी म्हणाल्या होत्या. प्रश्न परत येतानाचा आहे. भारताच्या यादीत अर्जेंटिना आणि ब्राझील हे दोन्ही पीतज्वराचे देश आहेत. तिथून सहा दिवसांच्या आत भारतात उतरलात आणि लस घेतल्याचा दाखला, म्हणजे पिवळं कार्ड, नसेल तर विलगीकरणात ठेवतात. लस सरकारमान्य ठराविक केंद्रांतच मिळते, आणि दाखला टोचल्यानंतर दहा दिवसांनी लागू होतो. वय साठच्या पुढे असेल, अंड्याची अ‍ॅलर्जी असेल किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू असतील तर आधी डॉक्टरांशी बोला. शेवटच्या आठवड्यात हा विषय काढू नका.

विमा घेताना पॉलिसीत अंटार्क्टिका धरलंय का, हे लेखी विचारा. 'संपूर्ण जग' लिहिलेल्या पॉलिसीतही ते वगळलेलं असू शकतं. आजारी माणसाला तिथून हलवायचा खर्च प्रचंड असतो आणि हवामान बिघडलं तर कितीही पैसे दिले तरी विमान उतरत नाही. जहाजावर डॉक्टर असतो, मोठं रुग्णालय नसतं. म्हणून आरोग्याचा फॉर्म भरताना काही लपवू नका. दादाला बीपी आहे. नाव कापतील या भीतीनं तो ते लिहायला तयार नव्हता. लिहिलं. जहाजावरच्या डॉक्टरनं पहिल्याच संध्याकाळी त्याला बोलावून औषधं बघून घेतली, आणि पुढचे दहा दिवस आम्ही निर्धास्त होतो. रोजच्या गोळ्या दुप्पट न्या. अर्ध्या हातातल्या बॅगेत, अर्ध्या सामानात.

ब्युनोस आयर्सची दोन विमानतळं

परदेशातून येणारी विमानं बहुतेक एझेझाला उतरतात आणि उश्वायाची बरीच विमानं शहरातल्या एरोपार्केवरून सुटतात. दोन्हींमध्ये तासाभराचं अंतर आहे, गर्दीत त्याहून जास्त. तिकीट काढताना फक्त वेळ पाहिलीत तर फसाल. देशांतर्गत विमानात सामानाची मर्यादाही कमी असते.

उश्वायात जहाज सुटायच्या निदान दोन दिवस आधी पोहोचा. जहाज थांबत नाही. दादाची बॅग वाटेत कुठेतरी राहिली. आम्ही विमानतळावरच तक्रार नोंदवून लेखी क्रमांक घेतला, त्यात जहाजाचं नाव, सुटण्याची तारीख आणि हॉटेलचा पत्ता लिहिला, आणि बॅग आदल्या संध्याकाळी आली. आली नसती तरी अडलं नसतं, कारण उश्वायात सान मार्तीन या मुख्य रस्त्यावर वॉटरप्रूफ पँट आणि जॅकेट भाड्यानं मिळतात. थर्मलचा एक जोड, हातमोजे, चष्मा, औषधं आणि कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या मात्र हातातल्या बॅगेतच हव्यात.

समुद्र लागला तर

घाटात एसटी लागते म्हणून आपण अ‍ॅव्होमिन घेतो, तेव्हा ती गाडी सुटायच्या आधी घेतो. इथेही तेच. उलटी सुरू झाल्यावर गोळी पोटात राहत नाही. कोणती गोळी, किती, हे इथल्या डॉक्टरांना विचारून जा. या गोळ्यांनी झोप येते आणि काही जणांना काचबिंदू किंवा प्रोस्टेटमुळे चालत नाहीत. उश्वायाहून निघाल्यावर जहाज काही तास बीगल चॅनेलच्या शांत पाण्यातून जातं आणि सगळ्यांना वाटतं, आपल्याला काही होत नाही. गोळी तेव्हाच घ्यायची.

तरी लागलाच, तर आडवं व्हा आणि डोळे मिटा, नाहीतर डेकवर जाऊन क्षितिजाकडे बघा. कोरडी बिस्किटं खा, पाणी घोट घोट प्या. पुस्तक आणि मोबाइल बाजूला. काहीच पोटात ठरत नसेल तर डॉक्टरला बोलवा, तो इंजेक्शन देतो. केबिन घेताना वरच्या मजल्याच्या बाल्कनीवर जास्त पैसे खर्च करण्याआधी विचार करा: जहाज सगळ्यात कमी हलतं ते खालच्या मजल्यावर, मध्यभागी.

एक हात कायम कठड्याला. आणि दाराच्या चौकटीवर बोटं कधीही ठेवू नका. जहाज कललं की ती जड दारं धाडकन मिटतात. गाइडनं आम्हाला हे इतक्यांदा सांगितलं की ती कुठल्या अनुभवातून बोलतेय हे विचारावं लागलं नाही.

कपडे

आपण मराठी माणसं थंडी म्हटलं की जाडजूड स्वेटर भरतो. उन्हाळ्यात द्वीपकल्पाच्या किनाऱ्यावर तापमान शून्याच्या आसपासच असतं. त्रास होतो तो वाऱ्याचा आणि ओलीचा. अंगालगत थर्मल, वर फ्लीस, सगळ्यावर वारा-पाणी अडवणारं जॅकेट. जॅकेट आणि गमबूट बऱ्याच कंपन्या देतात, आधी विचारून घ्या. वॉटरप्रूफ पँट सहसा आपली आपण न्यावी लागते आणि नेमकी तीच राहून जाते. झोडियाकमध्ये मांडीवर लाटेचं पाणी येतं. जीन्स घातलेला माणूस दहा मिनिटांत कुडकुडतो. बोटीत बसायला पँट गमबुटाच्या बाहेर, आत नाही, नाहीतर बूट पाण्यानं भरतो. पाय भिजलाच तर लाजून गप्प बसू नका, गाइडला सांगा आणि पुढच्या बोटीनं परत या.

सनस्क्रीन लावा. आपल्या रंगाला गरज नाही हा समज तिथे चालत नाही. बर्फावरून परतणारं ऊन हनुवटीखाली आणि नाकपुड्यांखालीही भाजतं.

झोडियाक आणि किनारा

बोटीत चढताना दोन्ही हात मोकळे हवेत. मोबाइल खिशात, कॅमेरा सॅकमध्ये. खलाशाचा हात पंजानं धरायचा नाही. त्याचं मनगट आपण धरायचं, आपलं त्यानं. मग बोटीच्या कडेच्या फुग्यावर पाय, खाली पाय, बसायचं आणि सरकायचं. धोक्याची घाई हमखास उतरतानाच होते, पहिला पेंग्विन दिसल्यावर.

किनाऱ्यावर शौचालय नाही. म्हणून काही जण सकाळपासून पाणीच पीत नाहीत, त्यानं डोकं दुखतं आणि थंडी जास्त वाजते. पाणी प्या आणि कपड्यांचे थर चढवायच्या आधी जाऊन या. खाणंही न्यायचं नाही. खिशातला राजगिऱ्याचा लाडूसुद्धा नाही. शाकाहारी किंवा जैन जेवण हवं असेल तर काही महिने आधी कळवा, कारण जहाजात भरलेल्या धान्य-भाजीवरच सगळी सफर निघते. केबिनमध्ये किटली किंवा शेगडी लावणं हा आगीचा धोका आहे, नेऊच नका.

कॅमेरा थंडीतून थेट उबदार केबिनमध्ये उघडलात तर भिंगावर आणि आतही दव धरतं. बाहेर असतानाच झिपच्या पिशवीत बंद करा आणि तासभर तसाच राहू द्या. धुकं आलंच असेल तर पुसू नका, भिंग काढू नका, वाट बघा. जादा बॅटरी आतल्या खिशात, अंगाच्या उबेला. ड्रोन घरीच ठेवा, करमणुकीसाठी तो उडवू देत नाहीत.

ठरलेली जागा हुकली तर

आमच्या पत्रकात लेमेअर चॅनेल हा अरुंद जलमार्ग होता. सकाळी पोहोचलो तर वाऱ्यानं लोटलेल्या बर्फानं तोंड बंद. कॅप्टननं जहाज वळवलं. काही जण पत्रक घेऊन तक्रार करायला गेले आणि तासभर वाद घालत राहिले. २००७ साली 'एक्सप्लोरर' हे प्रवासी जहाज साउथ शेटलंड बेटांजवळ बर्फावर आदळून बुडालं होतं. दीडशेहून अधिक माणसं सुखरूप वाचली. त्या पाण्यात कॅप्टन नको म्हणाला तर मला त्याचे आभार मानावेसे वाटतात. त्या दुपारी नेको हार्बरला उतरलो. तिथेही पाण्याकाठी रेंगाळायचं नाही, समोरच्या हिमनदीचा कडा कोसळला की लाट येते. गाइडनं सगळ्यांना वर चढायला लावलं.

पेंग्विनांची वाट

पेंग्विनांपासून निदान पाच मीटर, फर सीलपासून पंधरा. पेंग्विन स्वतःहून जवळ आला तर हलू नका. बर्फात त्यांच्या येण्याजाण्यानं खोल पायवाटा पडलेल्या असतात, त्यांत उभं राहायचं नाही. तुम्ही वाट अडवलीत की समुद्रातून पिल्लासाठी खाणं घेऊन आलेला पक्षी तुमच्यासमोर खोळंबतो. २०२४ च्या फेब्रुवारीत द्वीपकल्पावर बर्ड फ्लू असल्याचं नक्की झालं. तेव्हा खाली बसणं, गुडघे टेकणं, सॅक जमिनीवर ठेवणं बंद. बूट प्रत्येक वेळी जंतुनाशकात घासायचे, जातानाही आणि येतानाही.

आणि खड्डे. मऊ बर्फात आपला पाय गुडघ्यापर्यंत जातो, तो काढून आपण पुढे चालू लागतो. त्या खड्ड्यात पडलेल्या पेंग्विनाला बाहेर येता येत नाही. दादाचा पाय असाच रुतला. गाइडनं त्याला बाहेर काढलं, मग दोघांनी मिळून बुटानं बाजूचा बर्फ लोटून खड्डा भरला आणि थोपटून सपाट केला. आम्ही मागे सरून उभे राहिलो. थोड्या वेळानं चढावरून एक जेंटू जातीचा पेंग्विन आला, त्या नव्या बर्फापाशी थबकला, चोचीनं एकदा टोकरलं आणि त्यावरून पाय टाकत पाण्याकडे गेला.